दुकानाच्या काचेत कलादालन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पुण्याच्या पेठांमध्ये बंद पडलेली किंवा दिवसातून दोन-चार तासच उघडणारी दुकानं पुष्कळ आहेत. आतला धंदा थांबलेला असतो, पण रस्त्याकडची काच जागेवर असते आणि तिच्यासमोरून दिवसभर माणसं जात असतात. त्या काचेमागच्या दोन-चार फुटांत समकालीन चित्रं, शिल्पं, मांडणशिल्पं (वस्तूंच्या मांडणीतून केलेली कामं) लावता येतात. आम्ही काही जण सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत असं दालन चालवतो. नव्याने करू इच्छिणारे सारखे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. कलादालनात येणारा माणूस चित्र बघायला म्हणून घरून निघालेला असतो. तुमचा प्रेक्षक कोथिंबीर आणायला निघालाय, मुलाला क्लासला सोडायला चाललाय. त्याच्याकडे तुमच्यासाठी पाच-सात सेकंद आहेत. तेवढ्यात त्याचे पाय थांबले तर थांबले. त्यामुळे जागा, उजेड, उंची, अक्षरं यातला प्रत्येक निर्णय फुटपाथवर उभं राहून घ्यायचा. दुकानाच्या आत उभं राहून घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

१. आधी फुटपाथ बघा, मग दुकान

जागा आवडली की लगेच मालकाला फोन करू नका. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर, असे चार वेळा तिथे जाऊन उभे राहा. माणसं कुठे रेंगाळतात ते बघा. बसथांबा, रसवंती, रिक्षा स्टँड, शाळेचं फाटक, डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी इथे लोकांना नाइलाजाने थांबावं लागतं. अशा जागेसमोरची साधी काच मोठ्या रस्त्यावरच्या झकपक काचेपेक्षा कितीतरी कामाची. भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर हजारो माणसं जातात, पण बघत कोणीच नाही.

मग पुढच्या गोष्टी तपासा.

दिशा: उत्तरेकडे तोंड असलेली काच सर्वांत सोयीची, कारण वर्षातला बहुतेक काळ तिच्यावर थेट ऊन येत नाही. पूर्वेची चालते. पश्चिमेची काच दुपारी भट्टी होते. दक्षिणेच्या काचेतून हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत जातं. जागा उन्हाळ्यात पाहिली असेल तर हे लक्षातही येत नाही.

दुचाक्या: पेठांत हा मोठाच प्रश्न आहे. काचेसमोर गाड्यांची रांग लागणार हे गृहीत धरा. गाड्यांमुळे खालचे साडेतीन फूट झाकले जातात. जमिनीवर मांडायचं शिल्प तिथे दिसणारच नाही, त्याला चौथरा लागेल.

शटर: पत्र्याचं शटर असेल आणि मालक रोज रात्री ते ओढणार असेल, तर तुमचा सर्वांत चांगला वेळ हातचा गेला. जाळीचं शटर बसवायला त्याची तयारी आहे का, हे आधीच विचारा.

मांडव: गणपतीत समोर मंडळाचा मांडव पडतो का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. पडत असेल तर त्या दिवसांत प्रदर्शन ठेवू नका, किंवा मंडळाशी बोलून त्यांच्यासोबतच काहीतरी करा. आमचा अनुभव असा की मंडळाची मुलं कलाकारांना मदत करायला फार उत्साहाने येतात.

जागा लहान आहे म्हणून मागे हटू नका. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात २००२ साली माउरित्सिओ कातेलान, मासिमिलियानो जोनी आणि अ‍ॅली सबॉटनिक या तिघांनी 'द राँग गॅलरी' सुरू केली. ती म्हणजे एक काचेचं दार आणि त्यामागे हातभर जागा. तरी जगातल्या नामवंत कलाकारांनी तिथे काम दाखवलं. मुंबईत कधी गेलात तर जहांगीर कलादालनाच्या आत जाण्याआधी बाहेरच्या फुटपाथवर थोडा वेळ घालवा. तिथे चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. येणारा-जाणारा कशासमोर थबकतो आणि कशावरून नजर पुढे सरकते, हे तिथे अर्ध्या तासात कळतं.

२. मालकाशी बोलणं आणि लिखापढी

पुष्कळ मालक काच फुकट किंवा नाममात्र पैशांत देतात, कारण बंद दुकानाला त्यामुळे जाग राहते. पण ओळखीवर, तोंडी काही ठरवू नका. भाडं देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी जागामालकावर आहे. हे मालकांनाच बऱ्याचदा ठाऊक नसतं. नोंदणी ऑनलाइनही होते. भाडं नसेल तर निदान सही केलेलं संमतिपत्र घ्या.

कागदावर या गोष्टी असल्याच पाहिजेत: नेमकी कोणती जागा (नुसती काचेमागची की मागचं दुकानही), वीज कोणाच्या मीटरवर, किल्ली कोणाकडे, भिंतीला भोकं पाडायची परवानगी, काच फुटली तर खर्च कोणाचा, आणि जागा परत हवी असेल तर किती दिवस आधी सांगायचं. शेवटचा मुद्दा कधीही गाळू नका. काम लागलेलं असताना 'उद्या गिऱ्हाईक येतंय, रिकामं करा' असा फोन आला तर कलाकाराला काय सांगणार? निदान ३० दिवसांची मुदत मागा.

दुकान सोसायटीत असेल तर दर्शनी भागात बदल करण्याआधी सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्या. पाटीबद्दल दोन गोष्टी. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांची पाटी मराठीत, देवनागरीत असावी लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. बाहेर दिव्याची किंवा पुढे आलेली पाटी लावायची असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात आधी चौकशी करा. काचेच्या आतून लावलेल्या अक्षरांवर भागवलंत तर पुष्कळ दगदग वाचते.

चित्रं विकायचा विचार असेल तर सीएला गाठा. आम्ही काचेतून विक्री करत नाही. ज्याला घ्यायचंय त्याला थेट कलाकाराचा संपर्क देतो.

३. काच: सगळं इथेच अडतं

दुपारी चारच्या सुमाराला काचेसमोर जा. कॉलेजची मुलं तुमच्या काचेत बघून केस नीट करत असतील तर समजा, आतलं काही दिसत नाहीये.

साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फिरतो. आकडा छोटा वाटतो, पण बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की ते ८ टक्केच आतल्या चित्रापेक्षा जास्त उजळ ठरतात. समोरच्या इमारतीची भिंत पांढरी असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर सगळ्यात वाईट. समोर मोठं झाड असेल तर नशीब चांगलं.

यावर उपाय आहेत. काचेवर छज्जा किंवा कापडी छत पुढे काढलं की आकाशाचं प्रतिबिंब बरंच तुटतं. मागची भिंत काळी किंवा गडद रंगवू नका. कलादालनात गडद भिंत भारदस्त दिसते, रस्त्यावर ती काचेचा आरसा करून टाकते. काम काचेच्या जवळ आणा म्हणजे त्याच्यावर बाहेरचा उजेड पडेल. आणि कलाकाराला आधीच सांगा की गडद, बारीक रेषांचं काम दिवसा हरवेल आणि रात्रीच दिसेल. काही कलाकार हे ऐकून मुद्दाम रात्रीसाठी काम करतात. तेही उत्तम.

काच बदलायची वेळ आली तर टफन्ड आणि लॅमिनेटेड यांतला फरक समजून घ्या. टफन्ड काच मजबूत असते आणि फुटली तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात, पण एकदा टफन्ड केली की कापता येत नाही. त्यामुळे माप घेताना चौकट चारही बाजूंनी आणि दोन्ही कर्णांत मोजा. जुन्या वाड्यांच्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो. फुटली तरी ती जागेवर धरून राहते, आणि हा पडदा अतिनील किरणांपैकी जवळजवळ ९९ टक्के अडवतो. कागदावरची किंवा कापडावरची कामं लावणार असाल तर पैसे इथे घाला. वजनाचाही हिशोब करा: काचेचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे दर चौरस मीटरला अडीच किलो. ६ बाय ८ फुटांची १२ मिमी काच १३० किलोच्या वर जाते. ती बसवण्याचं काम त्यातल्या माणसांकडेच द्या.

४. दिवे

दिवे काचेच्या अगदी मागे, वरच्या कडेला लावा आणि त्यांचं तोंड आत, कामाकडे करा. मागच्या भिंतीवर लावलेले दिवे रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांवर येतात. प्रकाशाची रेषा उभ्यापासून साधारण ३० अंशांत पडली की चित्रावर चमक येत नाही. एलईडी घेताना खोक्यावर दोन आकडे बघा: सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त, आणि रंग ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यान. पांढरेफटक स्वस्त दिवे कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा पार मारून टाकतात.

मालक नेहमी वीजबिलाला घाबरतात, म्हणून हा हिशोब त्यांना कागदावर करून दाखवा. दहा वॅटचे चार दिवे म्हणजे ४० वॅट. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, पाच तास. दिवसाला ०.२ युनिट, महिन्याला ६ युनिट. दुकानाचा दर घरापेक्षा जास्त असतो, तरी ही रक्कम किरकोळच. टायमर बसवा. माणसाच्या भरवशावर ठेवलेले दिवे कधी लागतात, कधी राहून जातात, आणि चार दिवस अंधार दिसला की लोक त्या काचेकडे बघायचं सोडून देतात. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. बंद जागेत रात्रभर कोणी नसतं, त्यामुळे इथे काटकसर नको.

५. ऊन, ओल, किडे आणि ढोल

संग्रहालयात कागदावरच्या जलरंगासाठी साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात. थेट ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं. यावरून ठरवा की काय लावायचं. मूळ जलरंग, जुने फोटो, नैसर्गिक रंगांचं कापड यांना उन्हाच्या काचेत जागा नाही. त्यांची चांगली छापील प्रत लावा. सिरॅमिक, धातू, दगड निर्धास्त लावा, लाकूड आणि पक्क्या रंगातलं अ‍ॅक्रिलिकही चालतं.

पण ऊनच कामाचा भाग होऊ शकतं. आमच्याकडे एका तरुण चित्रकर्तीने हळदीत रंगवलेलं सुती कापड काचेला लागून ताणलं आणि त्यावर पुठ्ठ्याची कापलेली अक्षरं टाचली. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. दिवसागणिक कापड फिकट होत गेलं, आधी लिंबासारखं, मग मळकट पांढरं. शेवटच्या दिवशी तिने फुटपाथवर जमलेल्या लोकांसमोर एकेक अक्षर काढलं, आणि खाली गर्द पिवळी अक्षरं तशीच राहिलेली. कोपऱ्यावरचे चहावाले काका रोज तो रंग बघत होते. गिऱ्हाइकांना 'हे ऊन लिहितंय' असं तेच समजावून सांगायचे. काचेचे तोटे ज्याला कळलेत असा कलाकार निवडा, अर्धी लढाई तिथेच जिंकली.

बंद काचेआड एप्रिल-मेमध्ये इतकी उष्णता साठते की डबल टेप सुटतो, ग्लू गनचा गोंद मऊ पडतो आणि पातळ अ‍ॅक्रिलिक शीट वाकते. वर आणि खाली जाळी लावलेली झरोक्याची जागा ठेवा, छोटा एक्झॉस्ट पंखा मिळाला तर फारच छान. काहीही नुसतं चिकटवू नका, स्क्रू किंवा तार हवीच. पावसाळ्यात उलटं: काचेला आतून घाम फुटतो आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आत ठेवा, चित्र आणि भिंत यांत बोटभर अंतर सोडा, सिलिका जेलच्या पुड्या वेळेवर बदला. मागच्या भिंतीला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वापरू नका, ओल लागली की ते फुगतं. १२ किंवा १८ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या. खळ, पीठ, गूळ असलेलं काम आलं तर मुंग्या आणि झुरळं येणारच. ते कलाकाराशी आधी बोला.

विसर्जन मिरवणुकीचे लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक हे चार रस्ते किंवा त्यांच्या आसपासची गल्ली असेल, तर ढोलांनी आणि स्पीकरच्या भिंतींनी काच अक्षरशः थरथरते. एका खिळ्यावर टांगलेली फ्रेम हळूहळू सरकत खाली येते. प्रत्येक फ्रेमला दोन आधार द्या, आणि मिरवणुकीच्या आदल्या दिवशी नाजूक कामं उतरवून ठेवा.

६. टांगणं आणि उंची

दालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७-५८ इंचांवर धरतात. इथे तो फुटपाथपासून मोजा, दुकानाच्या फरशीपासून नको. दुकान तीन पायऱ्या वर असेल तर आतून बरोबर दिसणारं चित्र बाहेरून डोक्यावर जातं. एक मोठं काम किंवा एकमेकांशी बोलणारी दोन-तीन कामं पुरेत. काच भरगच्च झाली की लोकांना ती पुन्हा दुकानाची शोकेसच वाटते आणि ते किंमत विचारतात.

७. कलाकाराशी करार

एका पानाचा, सोप्या मराठीतला करार करा. तारखा, ने-आण कोणी करायची, लावायला मदत कोणाची, मानधन किती, उन्हाने रंग उडाला तर काय, फुटलं किंवा चोरीला गेलं तर काय, फोटो कुठे वापरायचे. मानधन थोडं का असेना, द्या. 'प्रसिद्धी मिळेल' म्हणून फुकट काम मागण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती मोडायला हवी. प्रत्येक काम येताना आणि जाताना चारही बाजूंनी फोटो काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. कामांच्या किमतींची यादी विमा एजंटला दाखवून विम्याचं विचारा.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे काम विकलं गेलं तरी कॉपीराइट आपोआप विकत घेणाऱ्याकडे जात नाही. त्यामुळे पोस्टर, कॅलेंडर, पिशव्या यांसाठी लेखी परवानगी लागते. याच कायद्याचं कलम ५७ कलाकाराला आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क देतं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची नासधूस झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल देऊन ५ लाख रुपये भरपाई दिली. काचेतलं काम सोयीसाठी परस्पर हलवणं, झाकणं, अर्धं काढणं हेही करू नका. १९३९ साली चित्रकार साल्वादोर दालींनी न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर दुकानाच्या काचेत मांडणी केली. दुकानाने न विचारता ती बदलली. संतापलेले दाली आत शिरले आणि मांडणीतला बाथटब काच फोडून थेट रस्त्यावर आला.

आशयाबद्दल मोकळेपणाने आधी बोला. रस्त्यावरच्या माणसाने हे काम बघायचं ठरवून पाहिलेलं नसतं. त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसंही असतात. पण म्हणून फक्त फुलं आणि निसर्गचित्रं लावायची असंही नाही. आक्षेप आला तर कोण बोलेल आणि काम उतरवायचं की नाही हे कोण ठरवेल, ते करारात लिहा. कलाकाराला न कळवता रात्रीतून काम काढून टाकणं हा विश्वासघात आहे.

८. काचेवरची अक्षरं

कामाचं नाव, कलाकाराचं नाव, माध्यम आणि दोन-तीन वाक्यं. बास. दहा फुटांवरून वाचायच्या अक्षराची उंची निदान एक इंच ठेवा. व्हिनाइलची (चिकटणाऱ्या प्लास्टिकची) अक्षरं आतून लावा, त्यासाठी ती उलटी कापून घ्यावी लागतात. बाहेरून लावलेली अक्षरं पोरं नखाने काढतात.

देवनागरीची एक हमखास अडचण: फ्लेक्सच्या दुकानात अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांवर काम चालतं. तुमची युनिकोडची फाइल त्यांच्याकडे उघडली की 'र्‍ह' आणि 'क्ष' तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. मजकुराचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून) पीडीएफ द्या आणि कापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा. 'मुक्ता' किंवा 'बालू'सारखा जाडसर फाँट घ्या, बारीक टोकांचे फाँट कापताना फाटतात.

मजकूर समीक्षकी नको. 'अवकाशाच्या शक्यतांचा शोध' वाचून कोणी थांबत नाही. 'हे कापड हळदीने रंगवलंय. रोज बघा, रंग उडतोय.' यावर लोक थांबले, आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

९. रोजचं चालवणं

आजूबाजूच्यांना आधी भेटा: चहावाला, इस्त्रीवाला, वॉचमन, रिक्षावाले काका. उद्घाटनाचा पहिला चहा त्यांच्यासोबत घ्या. काच फुटली, दिवा गेला, कोणी काही चिकटवलं तर पहिला फोन तेच करतात.

काच एक दिवसाआड बाहेरून पुसा. लहान मुलांच्या नाकाचे आणि तळहातांचे ठसे दिसले तर प्रदर्शन चांगलं चाललंय. 'रूम भाड्याने देणे आहे' आणि क्लासच्या जाहिराती त्याच दिवशी काढा, एक राहिली की दुसरी येतेच.

पाच-सहा आठवड्यांनी काम बदला. त्यापेक्षा लवकर बदललं तर गल्लीला ते पुरेसं मुरत नाही, फार लांबवलं तर ते दिसेनासं होतं. बदलाच्या दिवसांत काचेला आतून खाकी कागद लावा आणि त्यावर पुढच्या कामाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं

- नोंदवलेला करार किंवा मालकाचं संमतिपत्र
- सोसायटीचं ना-हरकत पत्र
- ताज्या वीजबिलाची प्रत
- कलाकाराशी केलेला करार
- कामांची यादी, किमती, सह्या केलेले फोटो
- विम्याचे कागद, घेतला असल्यास
- मालक, इलेक्ट्रिशियन, काचवाला आणि किल्ली असलेल्या दोघांचे नंबर. हा कागद दुकानाच्या आतल्या बाजूलाही चिकटवा

आणि सामान

ड्रिल, रॉलप्लग, स्पिरिट लेव्हल, मोजपट्टी, स्टीलची तार, मास्किंग टेप, सुती हातमोजे, काच पुसायचा रबरी वायपर, व्हिनाइल काढायला हेअर ड्रायर, घडीची शिडी, जादा दिवे आणि एक जादा टायमर. काम उतरवल्यावर भोकं बुजवायला पुट्टी आणि भिंतीच्याच रंगाचा छोटा डबा आत ठेवा. रंगाचा नंबर डब्यावर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी अख्खी भिंत रंगवावी लागते.